उपचाराची कल्पना संशोधन संस्थेला कळवायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैद्यकीय संशोधन संस्थेच्या टपालात एक ठरलेलं पत्र असतं: 'अमुक आजारावरचा उपाय मला सापडला आहे, तातडीने संपर्क साधावा.' अशी पत्रं वाचून त्यांना उत्तरं देण्याचं काम मी काही वर्षं केलं. खालचे प्रश्न त्या पत्रांतून आणि पत्रांनंतर येणाऱ्या (बहुधा चिडलेल्या) फोनवरून गोळा झालेले आहेत. उत्तरं छापील नमुन्यातली नाहीत.

पाठवलेली कल्पना कुणी वाचतं तरी का?

कुठे पाठवली त्यावर आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत बहुतेक वेळा वाचली जाते. पत्र आवक नोंदवहीत चढतं, माहिती विभागातलं कुणीतरी ते चाळतं आणि त्याचे आपोआप तीन ढीग पडतात. पहिल्या ढिगात कल्पना नावापुरती असते. घरात कुणी तरी आजारी आहे, डॉक्टरांनी हात टेकलेत आणि माणूस दिसेल ते दार ठोठावतोय, हे दुसऱ्या परिच्छेदातच कळतं. दुसऱ्या ढिगात सिद्धान्त असतात. सगळे आजार आम्लतेमुळे होतात, किंवा चुंबकामुळे बरे होतात, किंवा दोन्ही. तिसरा ढीग अगदी बारीक: ज्यात कुणीतरी काहीतरी पाहिलंय, मोजलंय, लिहून ठेवलंय. शास्त्रज्ञाच्या टेबलापर्यंत जातो तो हा तिसरा.

मग उत्तर का येत नाही? आलं तरी इतकं गुळमुळीत का असतं?

पोच येते, मत येत नाही. 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत, संस्था वैयक्तिक उपचारपद्धतींचं मूल्यमापन करत नाही' असं वाक्य असतं. यामागे माणसांची कमतरता आहे, आणि एक भीतीही. संस्थेच्या लेटरहेडवर 'कल्पना रंजक वाटली' एवढं जरी लिहून गेलं, तरी पुढच्या महिन्यात ते पत्र एखाद्या बाटलीच्या जाहिरातीवर झळकू शकतं. म्हणून पत्र मुद्दाम बेचव लिहितात. मीही लिहिली आहेत आणि त्याचं मला आजही थोडं वाईट वाटतं, कारण पहिल्या ढिगातल्या माणसालाही तेच पत्र जात होतं.

औषध कंपनीने माझं पाकीट न उघडताच परत केलं. हा उर्मटपणा नाही का?

दिसतो तसाच, पण कारण कायद्याचं आहे. समजा तुम्ही लिहिलंत की अमुक रेणूचा तमुक आजारावर उपयोग होईल. कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याच रेणूवर चार वर्षं काम चालू आहे, ते जाहीर झालेलं नाही. उद्या औषध बाजारात आलं की तुम्ही म्हणणार, 'ही माझी कल्पना.' तुम्ही प्रामाणिकच असाल, पण कंपनीला आपलं काम आधीचं होतं हे कोर्टात कागदपत्रांनिशी दाखवत बसावं लागणार. त्यामुळे बऱ्याच कंपन्यांचं धोरण सरळ असतं: न मागता आलेली कल्पना शास्त्रज्ञाच्या नजरेला पडूच द्यायची नाही. ती विधी विभागातून परत जाते, किंवा 'आलेली कोणतीही माहिती गोपनीय मानली जाणार नाही' असं आधीच बजावून मगच स्वीकारली जाते. ती ओळ न वाचता फॉर्म भरणारे बरेच असतात.

मग आधी गोपनीयतेचा करार करा, नंतर सांगतो, असं म्हणू का?

म्हणा, पण बहुधा तिथेच बोलणं संपेल. आत काय आहे हे माहीत नसताना कुणी सही करत नाही. रीत अशी की पहिल्या पत्रात गुपित सोडून बाकी सगळं सांगायचं: आजार कोणता, पुरावा कोणत्या प्रकारचा, पेटंटचा अर्ज केलाय का. समोरच्याला त्यातून रस वाटला तर कराराचा विषय तेच काढतात.

माझी कल्पना चोरली गेली तर?

नुसत्या कल्पनेवर पेटंट मिळत नाही. ती कशी अमलात आणायची हे नेमकं लिहावं लागतं आणि ती नवीन असावी लागते. आजीच्या बटव्यातला उपाय या दुसऱ्या अटीवरच अडकतो. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं आणि १९९७ मध्ये रद्द झालं, कारण हा वापर जुन्या ग्रंथांत नोंदलेला असल्याचं दाखवून देण्यात आलं. उलट बाजूने, तुमची गोष्ट खरोखर नवी असेल तर ती चारचौघांत सांगण्याआधी पेटंटच्या वकिलाला भेटा. अनेक देशांत आधी जाहीर केलेल्या गोष्टीला पेटंट नाकारलं जातं. बाकी चोरीची भीती मी पाहिलेल्या प्रत्येक दुसऱ्या पत्रात होती. चोरण्याजोगं काही मात्र क्वचितच.

सामान्य माणसाच्या सांगण्यावरून खरंच काही सापडलंय का?

हो. याचं उत्तर मला सगळ्यात आवडतं.

नॉर्वेतल्या बोर्गनी एगेलँड या आईची दोन्ही मुलं मतिमंद होती. मुलांच्या लघवीला एक विचित्र, कुबट वास येतो, एवढंच तिचं म्हणणं होतं. डॉक्टरांमागून डॉक्टर झाले, कुणी लक्ष दिलं नाही. १९३४ मध्ये ती असब्यॉर्न फोलिंग या डॉक्टरांकडे पोचली. त्यांनी लघवीत फेरिक क्लोराइड हे रसायन घातलं तर ती हिरवी झाली. असं व्हायला नको होतं. त्यांनी आणखी लघवी मागवली, आईने ती आणून दिली, आणि त्यातून फिनाइलपायरुव्हिक आम्ल वेगळं निघालं. मग फोलिंग यांनी संस्थांमधल्या ४३० रुग्णांची लघवी तपासली आणि तसेच आणखी आठ जण सापडले. हाच आजार पुढे फिनाइलकीटोन्युरिया म्हणून ओळखला गेला.

पुढचा टप्पाही एका आईनेच गाठून दिला. १९५१ च्या सुमारास इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये होर्स्ट बिकेल या डॉक्टरांकडे याच आजाराची एक लहान मुलगी होती. निदान झालं, पण उपाय नव्हता. तिची आई रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहायची: आता काय करणार? शेवटी बिकेल आणि सहकाऱ्यांनी फिनाइलअलॅनिन (प्रथिनांतला एक घटक, जो या आजारात शरीराला नीट वापरता येत नाही) काढून टाकलेला आहार तयार केला. मुलगी रांगायला लागली, उभी राहायला लागली, डोकं आपटणं थांबलं. इथे बहुतेकांनी 'उपाय सापडला' म्हणून पेढे वाटले असते. डॉक्टरांनी काय केलं, तर आईला न सांगता आहारात फिनाइलअलॅनिन परत मिसळलं. मुलीची घसरण पुन्हा सुरू झाली. तेव्हा कुठे त्यांना खात्री पटली. (आईपासून लपवून असं काही करणं आज कुठलीही नैतिकता समिती मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण थांबवून, परत देऊन पाहण्याची ती युक्ती लक्षात ठेवा, खाली ती पुन्हा येणार आहे.)

या दोन्ही आयांनी संस्थेला उपाय सांगितला नव्हता. एकीने वास सांगितला, दुसरीने प्रश्न सोडला नाही.

पण लोकांकडे तयार उपायही असतातच ना? झाडपाल्याचे?

असतात. हृदय थकल्यामुळे अंगावर सूज चढणाऱ्या रोग्यांसाठी इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातली एक म्हातारी औषध देत असे. ती घरगुती कृती १७७५ मध्ये विल्यम विदरिंग या डॉक्टरांपुढे आली. तिच्यात वीसेक वनस्पती होत्या. त्यातली गुण देणारी फॉक्सग्लोव्ह असणार हे त्यांनी ओळखलं. मात्र ते लगेच छापून मोकळे झाले नाहीत. दहा वर्षं दीडशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, मात्रा किती झाली की उलट्या होतात आणि नाडी मंदावते हे लिहिलं, आणि १७८५ मध्ये ते सगळं छापलं, फसलेल्या रुग्णांसकट. त्याच कुळातलं डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध आजही वापरात आहे.

चीनमधल्या हार्बिनचं उदाहरण अलीकडचं. १९७० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांना एका लोकउपचाराची माहिती मिळाली. त्यात सोमल, पाऱ्याचा क्षार आणि भेकाचं विष होतं. एकेक घटक वेगळा करून पाहिल्यावर काम सोमलाचं निघालं, आणि तेही रक्ताच्या कर्करोगाच्या एकाच प्रकारात ठळकपणे. सोमलाला, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइडला, २००० साली अमेरिकेत मान्यता मिळाली. लोकांकडून आला तो धागा. औषध झालं ते एकोणीस वनस्पती किंवा दोन विषं बाजूला काढल्यावर.

आणि बरेचदा काहीच हाती लागत नाही. १७३९ मध्ये ब्रिटिश संसदेने जोआना स्टीफन्स या बाईंना मूतखड्यावरच्या गुप्त औषधासाठी ५,००० पौंड मोजले. कृती जाहीर झाली: भाजलेली अंड्याची टरफलं, गोगलगाई, साबण, मध, काही पाला.

माझे काका सगळ्यांनी आशा सोडल्यावर या औषधाने बरे झाले. याहून मोठा पुरावा काय हवा?

काका बरे झाले याचा आनंदच आहे. पण ऐकणाऱ्याच्या मनात लगेच चार प्रश्न येतात. आजार तोच होता हे बायोप्सीने सिद्ध झालं होतं का? गाठ कमी झाली ती स्कॅनवर दिसली, की काकांना बरं वाटलं? आधीची केमो किंवा रेडिएशन कधी संपली? त्यांचा परिणाम नंतरही दिसतो. आणि सगळ्यात अवघड: हेच औषध घेऊन जे वाचले नाहीत, त्यांची पत्रं कोण लिहिणार?

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने याच प्रश्नांची एक पद्धत बनवली. १९९१ पासून 'बेस्ट केस सिरीज' नावाने तिथे पर्यायी उपचार करणाऱ्यांना सांगितलं जातं की तुमच्याकडचे सगळ्यात चांगले रुग्ण दाखवा. मात्र सोबत पेशींच्या काचपट्ट्या, उपचाराआधीचे आणि नंतरचे स्कॅन, आणि त्या काळात दुसरा कुठलाही उपचार चालू नव्हता याची कागदपत्रं द्या. मला ही पद्धत न्याय्य वाटते. औषध का काम करतं हे समजावून सांगा, असा आग्रह तिथे नाही; केलं का, एवढंच दाखवायचं.

त्याआधीचा अनुभव बोलका आहे. जर्दाळूच्या बियांतल्या घटकाशी नातं असलेलं लेट्राइल १९७० च्या दशकात इतकं गाजलं की याच संस्थेने १९७८ मध्ये ३ लाख ८५ हजार डॉक्टरांना आणि आरोग्यक्षेत्रातल्या आणखी ७० हजार जणांना पत्र पाठवून गुण आलेले रुग्ण कळवायला सांगितलं. हजारोंनी ते घेतल्याचं बोललं जात होतं. आली ९३ प्रकरणं. तपासण्याजोगी पूर्ण कागदपत्रं ६७ जणांची. त्यांतल्या सहा जणांत गाठ कमी झालेली किंवा गेलेली दिसली. पुरावा तोकडा होता, तरीही ट्रायल (रुग्णांवरची औषधचाचणी) घेतली. १९८२ मध्ये १७८ रुग्णांचे निकाल आले: एकही बरा झाला नाही, आणि काहींच्या रक्तात सायनाइडची पातळी धोक्यापर्यंत चढली होती.

प्रयोगशाळेत हा अर्क कर्करोगाच्या पेशी मारतो, असं छापून आलंय. मग अडलंय कुठे?

काचेच्या बशीतल्या पेशी पुष्कळ गोष्टींनी मरतात, मिठाच्या तीव्र पाण्यानेसुद्धा. ती गोष्ट तोंडावाटे घेतल्यावर रक्तात पोचते का, यकृत तिचं काय करतं, आणि गाठीला मारणारी मात्रा माणसाला झेपते का, हे खरे अडथळे. मानवी चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी साधारण नऊ तिथेच गळतात, आणि ती सगळी बशीत उत्तम काम करत होती.

माझा उपाय नैसर्गिक आहे, अपाय होणारच नाही. थेट ट्रायल का घेत नाहीत?

फॉक्सग्लोव्ह नैसर्गिकच आहे आणि जास्त झालं तर हृदय थांबवतं. सोमलाबद्दल बोलायलाच नको.

एखाद्या मोठ्या माणसाने शिफारस केली तर दार लवकर उघडेल?

उघडतं, पण आत परीक्षा तीच. लायनस पॉलिंग यांना दोन नोबेल मिळाली होती. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने कर्करोगाचे रुग्ण जास्त जगतात हे त्यांनी इवान कॅमेरॉन यांच्यासोबत १९७६ मध्ये मांडलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने १९७९ आणि १९८५ मध्ये गोळीच्या रूपात दिलेल्या जीवनसत्त्वाच्या चाचण्यांचे निकाल छापले. फरक दिसला नाही. कॅमेरॉन यांच्या रुग्णांना ते सुरुवातीला शिरेतून दिलं होतं, त्यामुळे वाद पुढेही चालू राहिला. वाद चालू राहणं ठीक आहे, पण तो नावावर मिटत नाही.

जमावाचा जोरही पाहून झालाय. इटलीत लुइजी दि बेला या डॉक्टरांच्या कर्करोगावरच्या मिश्रणासाठी लोक रस्त्यावर आले, कोर्टांनी ते औषध देण्याचे आदेश काढले, आणि सरकारला १९९८ मध्ये चाचण्या घ्याव्या लागल्या. ३८६ रुग्णांपैकी तिघांत गाठ काही अंशी कमी झाली, पूर्ण कुणातच गेली नाही.

स्वस्त उपाय कंपन्यांना नकोच असतात, हे खरं ना?

अर्धं खरं, आणि हे अर्धं मी झाकणार नाही. पेटंट संपलेल्या गोळीच्या नव्या उपयोगासाठी मोठी ट्रायल करून कंपनीच्या हाती काही पडत नाही, म्हणून ती सहसा करत नाही. पण सार्वजनिक पैसा ते करतो. ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलने जून २०२० मध्ये दाखवलं की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. त्याच ट्रायलमध्ये त्याच महिन्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा उपयोग नसल्याचंही दिसलं. तेही जुनं आणि स्वस्तच होतं, आणि बोलबाला त्याचाच जास्त होता.

तुमची कल्पना आधीच मान्य असलेल्या औषधाबद्दल असेल तर दार थोडं रुंद आहे. डेव्हिड फायगेनबॉम यांना कॅसलमन हा लसीका ग्रंथींचा दुर्मिळ आजार झाला तेव्हा ते वैद्यकीय विद्यार्थी होते. आजार पुन्हा पुन्हा उलटला. स्वतःच्या रक्ताच्या साठवलेल्या नमुन्यांचा अभ्यास करून त्यांनी सिरोलिमस हे प्रत्यारोपणात वापरलं जाणारं औषध शोधलं आणि २०१४ पासून ते त्यावर आहेत. २०२२ मध्ये त्यांनी जुन्या औषधांचे नवे उपयोग शोधायला एव्हरी क्युअर ही संस्था काढली. त्यांच्याकडे धाडस होतंच; शिवाय नमुने होते, तारखा होत्या.

मग पत्र कसं लिहू?

एक पत्र असं येतं: चाळीस पानं, तीन रंगांची शाई, महत्त्वाचे शब्द दोनदा अधोरेखित, 'प्रत माहितीसाठी' म्हणून खाली अर्ध्या जगाची यादी. पाचव्या पानापर्यंत आजाराचं नाव येत नाही. त्यात एखादा मोती असलाच तरी कुणाला सापडणार?

दुसरं पत्र एका पानाचं: 'आईला अमुक आजार, निदान अमुक तारखेला, रिपोर्ट जोडला आहे. दुसऱ्याच तक्रारीसाठी तमुक गोळी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यापासून रात्रीचे झटके चारवरून एकावर आले, रोजची नोंद जोडली आहे. मध्ये दहा दिवस गोळी मिळाली नाही तेव्हा झटके परत चारवर गेले, गोळी सुरू केल्यावर पुन्हा कमी झाले. बाकी औषधं तीच होती. तिच्या डॉक्टरांना हे माहीत आहे, त्यांचं पत्र सोबत.' इथे सिद्धान्त एकही नाही. बिकेल यांनी केलेला प्रयोग मात्र घरात आपोआप घडलाय आणि कुणीतरी तो वहीत लिहिलाय. असं पत्र मी स्वतः उठून वरच्या मजल्यावर नेलं असतं. म्हणून वही ठेवा, फसलेले दिवसही लिहा, आणि 'क्रांतिकारक' हा शब्द गाळा. आणि हो, गोळी मुद्दाम थांबवून पाहू नका; वरच्या पत्रात ती मिळाली नव्हती.

पत्र पाठवायचं कुणाला?

संचालकांना नको, मंत्र्यांना त्याहून नको. तिथून ते फिरून माहिती विभागातच येतं. आधी स्वतःच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांना त्यात दम वाटला तर ते केस रिपोर्ट (एका रुग्णाची हकिगत मांडणारा वैद्यकीय लेख) लिहू शकतात, आणि छापलेला केस रिपोर्ट संशोधक खरोखर शोधून वाचतात. जुन्या औषधाच्या नव्या उपयोगाची नोंद डॉक्टरांना करता यावी म्हणून अमेरिकेत २०१९ मध्ये क्युअर आयडी नावाचं ॲपही सुरू झालं. डॉक्टर तयार नसतील तर त्याच आजारावर शोधनिबंध लिहिणाऱ्या संशोधकाला थोडक्यात लिहा, किंवा त्या आजाराच्या रुग्णसंघटनेला.

माझ्याकडे उपाय नाही, फक्त एक प्रश्न आहे, जो कुणी अभ्यासत नाही.

मग तुमची जागा बहुतेक पत्रलेखकांपेक्षा चांगली आहे. ब्रिटनमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून एकेका आजारातले अनुत्तरित प्रश्न गोळा करते आणि त्यातले पहिले दहा ठरवते. ती यादी संशोधनाला पैसा देणाऱ्यांसमोर जाते. संशोधक विचारतात 'गाठ किती मिलिमीटर कमी झाली', रुग्ण विचारतात 'हा थकवा कधी जाणार'. दुसरा प्रश्न वर्षानुवर्षं कुणी विचारलाच नव्हता, असं बऱ्याच आजारांत निघालं.

घरात माणूस आत्ता आजारी आहे. एवढं सगळं करायला वेळ कुठे आहे?

नाहीच. तेव्हा संशोधन संस्थेला उपाय कळवण्यात तो घालवू नका. चालू असलेली ट्रायल शोधा. अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही नोंदवही २००० पासून सर्वांना खुली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पोर्टलवर अनेक देशांच्या नोंदवह्या एकत्र शोधता येतात. आजाराचं नेमकं नाव टाका आणि रुग्ण घेणं चालू असलेल्या ट्रायल निवडा. कुणी भाग घेण्यासाठी भलीमोठी रक्कम मागितली तर तिथून निघा. मान्यता न मिळालेलं औषध ट्रायलबाहेर मिळण्याची सोय काही देशांत आहे, पण तो अर्ज डॉक्टरांनाच करावा लागतो. नोंदवहीत ट्रायलखाली सहसा संपर्काचा फोन असतो. तो लावताना रिपोर्टची फाइल समोर उघडी ठेवा, कारण पलीकडून पहिले प्रश्न बायोप्सीत काय आलं आणि निदान कधी झालं हेच असतात.